पेजवर नसलेले मोकल सर

आमच्या कॉलेजच्या खेळाच्या पेजवर हजारो फोटो आहेत. कबड्डीचे, खो-खोचे, लांब उडीच्या खड्ड्यातून वाळू झाडत उठणाऱ्या पोरींचे, ढाल डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या मुलांचे. त्यातला जवळजवळ प्रत्येक फोटो मोकल सरांनी काढलेला आहे. आणि मोकल सर त्यातल्या एकाही फोटोत नाहीत.

हे मला कळलं कधी, तर सर गेल्यावर. तेरावं झालं आणि सरांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. "बाय, भिंतीला लावायला त्यांचा एक फोटो दे गो. तुज्या त्या पेजावर ढीगभर असतील. घरात एक लग्नातला हाय, त्यात त्यांना मिशीबी फुटली न्हवती. न् एक कार्डावरचा हाय, त्यात चोर दिसतात." मी म्हटलं, "वहिनी, एक काय, दहा देते." फोन ठेवला आणि पेज उघडून बसले. पार तळापर्यंत गेले. एका फोटोत मैदानावर पडलेली त्यांची सावली सापडली, एकात शिट्टीची लाल दोरी आणि मनगट. माणूस काही सापडला नाही.

एक चित्रफीत मात्र होती. ती मलाच काय, अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होती. आणि नेमकी तीच वहिनींपुढे धरायची माझी छाती होत नव्हती.

हरिश्चंद्र मोकल म्हणजे आमच्या जिमखान्याचे सर. काळेसावळे, बुटके, पोटरीचे गोळे दगडासारखे. वडील मिठागरावर कामाला होते, सरांनीही लहानपणी मीठ ओढलेलं. पायाला भेगा इतक्या की बूट घालताना 'आई गं' म्हणायचे. मी संगणक शिकवते. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन अलिबागला आलेली, तोंडाने फटकळ. कॉलेजात रुजू झाले त्याच आठवड्यात प्राचार्यांनी वेबसाइट माझ्या गळ्यात मारली आणि वर म्हणाले, "खेळाचं पेजही तुम्हीच बघा. हल्ली पोरं पेज बघून ॲडमिशन घेतात."

पहिल्याच दिवशी सर माझ्या लॅबमध्ये आले, चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारखे. म्हणाले, "तूच का गो वेबसाइटबाय?"

मला झोंबलं. पहिल्या भेटीत अरे-तुरे! मी म्हटलं, "मी मॅडम आहे इथली." ते म्हणाले, "व्हय, व्हय, मॅडम. बस तू, उठू नको." नंतर कळलं, त्यांच्या आगरी बोलीत आहो-जाहो जवळजवळ नाहीच. ते प्राचार्यांनाही 'तू' म्हणायचे आणि प्राचार्य गप ऐकून घ्यायचे. मी मात्र पुढची सगळी वर्षं वेबसाइटबाय, आणि घाई असली की नुसती बाय.

त्यांचं माझ्याकडे काम एकच असायचं. फोटोखालची नावं. सामना संपला की स्कूटरवरून थेट लॅबमध्ये यायचे, अंगाला मैदानाची खारी माती तशीच. मी म्हणायची, "सांगा, कॅप्टन कोण?"

"थांब. राखीव पैले."

म्हणजे ज्या खेळल्याच नाहीत, नुसत्या बाकावर बसून होत्या, त्यांची नावं आधी. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. प्रणाली पांडुरंग पाटील, धेरंड. मग खेळलेल्या सात जणी. मी वैतागायची. लोक पहिली ओळ वाचतात, सर, पुढे कोणी जात नाही, स्टार खेळाडू वर पाहिजे! ते म्हणायचे, "खेळलेल्या पोरीचं नाव आज बाजारात आपोआप होतंय. बसलेलीचं कोन घेतो? तिनं तर पेजावरच बघायचं ना?" आणि मी लिहीपर्यंत खुर्चीमागे उभे. चुकून क्रम बदलला तर स्क्रीनवर बोट टेकवून "इथं, इथं" करायचे. त्या बोटाचे डाग पुसून पुसून माझा जीव जायचा.

दुसरं म्हणजे हरणं. प्राचार्यांचा हुकूम होता, जिंकलं की टाका, हरलं की गप्प बसा. पेज म्हणजे कॉलेजचा चेहरा. सरांना ते मान्यच नव्हतं. हरलेल्या दिवशी ते स्वतः मजकूर सांगायचे आणि तो असा असायचा: "आज हरलो. तीन गुणांनी. समोरच्या पोरी चांगल्या खेळल्या. आमचा दम कमी पडला. उद्यापासून बांधावर धावणार." प्राचार्य मला बोलवायचे, "हे काय आहे?" मी म्हणायची, "सरांना विचारा." ते काही विचारायचे नाहीत. खरी गंमत पुढेच आहे. लोक वाचायचे ते हेच. कुठल्या कुठल्या गावातून उत्तरं यायची, 'धावा पोरींनो', 'दम वाढवा, भात कमी खा'. जिंकल्याच्या बातमीखाली नुसते अंगठे, आणि हरल्याच्या खाली माणसं बोलायची. वेबसाइट म्हणजे काय हे मला पुस्तकात शिकवलं होतं, तरी हे त्यात नव्हतं.

त्या प्रणालीच्या आईकडे फोन साधा होता, बटणांचा. दोन वर्षं पोरगी बाकावरच, आणि आई म्हणत होती की कशाला जातेस उन्हात मरायला, घरात कोळंबी सोलायला हात नाही. सरांनी मला पेजवरच्या तिच्या पोस्टची छपाई काढायला लावली, रंगीत. खालच्या लोकांच्या ओळींसकट. मी म्हटलं, "सर, पेजची छपाई कोणी काढतं का? हसतील लोक." ते ती चार पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून रविवारी धेरंडला गेले. प्रणालीनेच मला नंतर सांगितलं. सर ओटीवर बसले, आईला एकेक ओळ वाचून दाखवली. "ही बग, किहीमची कोन बाई हाय, तिनं लिवलंय, 'प्रणाली, तुझाही नंबर येईल.' किहीमच्या बाईला तुजी पोर ठावी हाय, न् तुला न्हाय?" आईने ती पानं देवाच्या फळीवर ठेवली. प्रणाली खेळत राहिली. बाकावरच बसली म्हणा बहुतेक वेळा, पण येत राहिली.

आता मैदानाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. आमचं मैदान खाडीला लागून. मध्ये फक्त मातीचा बांध. पावसात बांधाला खांड पडते, म्हणजे पाणी बांध फोडून वाट करतं, आणि मग ती बुजवीपर्यंत प्रत्येक मोठ्या भरतीला मैदानात पाणी. संस्थेच्या लोकांच्या डोळ्यात ती जागा खुपत होती. मांडव्याच्या बाजूला जमिनींना सोन्याचे भाव आले होते, आणि इथे दीड एकरावर पोरी पळतायत! भराव टाकून इमारत करू, गाड्यांना जागा करू, अशी बोलणी दरवर्षी व्हायची. दरवर्षी सर जाऊन बसायचे समोर. शेवटी एका वर्षी अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेऊन दाखवा याच मैदानावर. चार लोक बघू देत, नाव होऊ दे. मग ठेवू मैदान." सरांच्या निवृत्तीला तेव्हा एक वर्ष उरलं होतं. त्यांनी ते शब्द खिशातल्या डायरीत लिहून ठेवले होते, मला दाखवले. 'मग ठेवू मैदान.' खाली दोनदा रेघ.

आणि इथे मी घाण केली. सरळ सांगते.

सरांच्या वेळापत्रकात पहिल्यापासून एक रकाना असायचा, तिथी. तारीख, वार, तिथी, वेळ. त्यांच्याकडे हिशेब होता, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता आगेमागे पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. त्यावरून ते सामना लावायचे. मी वेबसाइट नवी केली तेव्हा तो रकाना काढून टाकला. मुंबईची कॉलेजं बघणार, हे काय पंचांग आहे की क्रीडा विभाग? सरांना म्हटलंसुद्धा तोंडावर. ते हसले. "काड. वेबसाइटीला पाय न्हाईत, ती कुटं भिजते."

स्पर्धेची तारीख उद्घाटनाच्या पाहुण्यांनी दिली. मुंबईचे बडे गृहस्थ, त्यांना तो एकच शनिवार मोकळा. मी पोस्टर केलं, पेजवर रोज 'उरले इतके दिवस' सुरू केलं, थेट प्रक्षेपणाची जाहिरात केली. तिसऱ्या दिवशी सर आले. "बाय, तारीख फिरव. ती दुतीया हाय. दीडची भरती. खांड अजून बुजली न्हाय."

मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "सर, पोस्ट गेली. सगळ्या कॉलेजांनी पुढे पाठवली. आता तारीख फिरवली तर पेजची इज्जत जाईल."

त्यांनी बोटांवर तास मोजले. मग म्हणाले, "बरं. मंग आठला चालू करू. बाराला उरकू." आणि गेले. आठवडाभर सकाळी बांधावर दिसायचे, पोरींना घेऊन, पाट्या भरभरून खांडीत माती टाकताना. त्याचेही त्यांनी फोटो काढले. राखीव पैले.

स्पर्धेचा शनिवार उजाडला. कोजागिरीचं दूध पिऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे पुनवेची मोठी भरती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पाहुण्यांची मुंबईहून मांडव्याला येणारी सकाळची बोट चुकली. आठचे दहा झाले, दहाचे साडेअकरा. उद्घाटनाशिवाय सामना सुरू करू नका, असा वरून निरोप. सर दर पाच मिनिटांनी बांधावर जाऊन येत होते. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषण झालं, आणखी एक झालं. पहिले सामने सुरू होईतो साडेबारा वाजून गेले. मी कॅमेऱ्यापाशी. ऑफिसातून वायर ओढून घेतली होती, भोंग्याला, कॅमेऱ्याला, इंटरनेटच्या डबीला. लांबी कमी पडली म्हणून मध्ये जोड दिला होता. लोक बघत होते, आकडा चढत होता, मी हरखून गेले होते.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी बांधाच्या बाजूचं गवत चमकायला लागलं. मग बाकाखाली. मग मॅटच्या कडा उचलल्या गेल्या आणि पाहुण्यांच्या बुटात पाणी. एकच आरडाओरडा. आणि त्यात मोकल सर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मैदानाच्या त्या टोकापासून धावत आले, हात वर करून, काहीतरी ओरडत. घसरून आडवे पडले. उठले. पाहुण्यांसमोरचं टेबल दोन्ही हातांनी ढकलून उलटं केलं. हार, गुच्छ, ढाली, सगळं पाण्यात. टेबलामागे सुरूच्या झाडाला विजेचा बोर्ड ठोकला होता, तिथे गेले. भोंगा बंद. माझं प्रक्षेपण बंद.

मी पेटले. सगळ्या पोरींसमोर, पाहुण्यांसमोर, ओली गच्च मी ओरडले, "सर, एवढा राग होता तर आधी सांगायचं होतंत! माझं लाईव्ह का तोडलंत?"

ते झाडाला टेकून धापा टाकत होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं गो बाय. झालं." मग पोरी मोजायला लागले.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या प्रक्षेपणातला तुकडा कापला होता. सर धावतायत, पडतायत, टेबल उलटवतायत, ढाली तरंगतायत. त्यावर एक नाचरं गाणं चढवलेलं. वर लिहिलं होतं, 'सरांना भरती आली'. आमचं पेज कधी गेलं नव्हतं इतक्या लांब तो तुकडा गेला. माझ्या साताऱ्याच्या भावाने मला पाठवला, हसून लोळणारी चार तोंडं लावून. माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनवर वर्गात वाजायचा. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मीही हसले.

संस्थेने लेखी खुलासा मागितला. सरांनी एक ओळ लिहिली. 'भरतीची वेळ पाहिली नाही, चूक माझी आहे.' प्राचार्यांनी तो कागद मला फाइलला लावायला दिला. मी वाचला, आणि लावला. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. हे फटकळ तोंड तेव्हा कुठे गेलं होतं, कुणास ठाऊक!

दिवाळीनंतर भराव पडायला लागला. ट्रकमागून ट्रक, लाल माती. सर स्टाफरूमच्या खिडकीत चहा घेत बघत उभे राहायचे. कप डाव्या हातात. मी एकदा चिडवलंही, "काय सर, निवृत्ती जवळ आली म्हणून हात बदलला?" म्हणाले, "वात आलाय." निरोपसमारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी जिमखान्याची चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले. दोन वर्षांनी भाद्रपदात, घराच्या अंगणात छातीत कळ येऊन गेले. कॉलेजच्या वेबसाइटवर आता 'प्रशस्त पार्किंग' असं आहे. ते मीच टाकलंय.

तर वहिनींना फोटो हवा होता. आठवडाभर मी टाळलं. शेवटी लॅपटॉप घेऊन गेले. गाण्याचा तुकडा नाही, मूळ चित्रीकरण माझ्याकडे होतं. ते मी आजवर एकदाही उघडलं नव्हतं. पडवीत बसलो. मी म्हटलं, "वहिनी, एवढंच आहे. लोक हसले होते याला. तुम्हाला वाईट वाटेल. आणि माझी चूक होती त्यात. तारीख मीच..."

"लाव तू," वहिनी म्हणाल्या.

गाणं नव्हतं, त्यामुळे आवाज येत होता. भोंगा कोकलत होता, आणि त्याच्या मागून सरांचा आवाज. "राखीव पैले! पाय वर! पाय वर घ्या गो पोरींनो!" मी तेव्हा कुठे बाकाकडे बघितलं. बांधाच्या बाजूला बाक, त्यावर सहा राखीव पोरी, प्रणाली टोकाला. पाणी आलं म्हणून खूश झालेल्या, पाय सोडून पाणी उडवत होत्या. आणि बाकाच्या पायाशी, पाण्याच्या वितभर वर, माझी वायर. तिचा जोड.

"म्हयनाभर उजवा हात उचलत न्हवता त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "बोर्ड वला, पायाखाली पानी, करंट बसला. असा फेकलो गेलो म्हनाले, झाडावर. मी म्हनले, सांगा की सगल्यांना, हसतात ती मानसं. तर म्हनाले, पोरींच्या आयांना कललं तर एक पोर उद्या खेलायला येनार न्हाय. न् त्या बायलाबी सांगू नको. वायर तिनं लावलीय. घाटावरची हाय, तिला पान्याचं काय ठावं. जीवाला लावून घेईल."

 लॅपटॉप मांडीवर तसाच आणि मी रडत बसले, मोठ्याने, त्यांच्या पडवीत. सांत्वनाला मी गेले होते आणि पाणी वहिनींनी मला आणून दिलं.

मग म्हणाल्या, "मागं घे. थांब. हां, हितं थांबव. हाच दे."

टेबल उलटलंय, सरांचा उजवा हात बोर्डावर, आणि मान मागे वळलेली, बाकाकडे. पुढच्या क्षणी पडदा काळा होतो. मी म्हटलं, "वहिनी, तोंड उघडं आहे, चेहरा हललाय. धूसर येईल."

"येऊ दे. असेच तर व्हते."

फोटोवाला म्हणाला, मॅडम, या बाजूच्या पोरी कापतो, म्हणजे काका मोठे करता येतील. मी त्याला कापू दिल्या नाहीत. आता तो फोटो मोकलांच्या पडवीत आहे. डावीकडे बाकावर सहा पोरी, पाय वर उचललेले, हसतायत. उजवीकडे कडेला सर. खाली नावं मी स्वतः लिहिली. आधी प्रणाली पांडुरंग पाटील, धेरंड, आणि मग बाकीच्या पाच जणी, बापाच्या नावासकट, गावासकट. शेवटी हरिश्चंद्र मोकल.